समोरून शिकवलेली तलवार

दुसऱ्याच हालचालीला तलवारीवर तलवार आदळली. त्या आवाजानं मैदानाच्या कडेची टिटवी ओरडत उठली.

पंचशीलानं हात होता तिथंच थांबवला. तिची तलवार उजव्या हातात होती. शेजारी उभ्या असलेल्या सिद्रामप्पांची डाव्या हातात. दोघांमधल्या हातभर जागेत दोन पाती एकमेकांना टेकून थरथरत होती. पातळ, धार नसलेली, ऑनलाइन मागवलेली पाती. धार असती तर त्या दिवशी उदगीरच्या वार्ताहरांना काम मिळालं असतं.

“सर, इकडं कामून आले तुम्ही?” ती म्हणाली.

“मी कुठं आलो? तू आली माझ्यावर.”

मागच्या रांगेतून संगमेश हसला. त्याचं बसस्टँडजवळ औषधाचं दुकान होतं आणि या वर्गात तो पाठदुखीसाठी यायचा, पण त्याला खरी गोडी दुसऱ्याच्या चुका पकडण्याची. “सर, आम्ही पाचजण उजवीकडं अन् तुम्ही एकले डावीकडं. आता कोण उलटं ते तुम्हीच सांगा.”

चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं, कारण चार वर्षांत सिद्रामप्पा कधी रांगेत उभेच राहिले नव्हते. रोज सकाळी सहाला कॉलेजच्या मैदानावर ते सगळ्यांकडे तोंड करून उभे राहत आणि ‘ताई ची’ या संथ चिनी व्यायामातल्या सरळ तलवारीच्या बत्तीस हालचाली करून दाखवत. आज पहिल्यांदाच ते रांगेत आले होते. चोवीस दिवसांनी नांदेडला साठीच्या पुढच्यांची स्पर्धा होती आणि त्यांनी त्यात आपलं नाव दिलं होतं. पंच समोर बसणार. तेव्हा सगळ्यांसारखं तोंड करून एकदा करून बघू, एवढाच त्यांचा विचार होता.

संगमेशनं मोबाइलवर स्पर्धेचं पत्रक काढलं आणि मोठ्यानं वाचलं. तलवार सुरुवातीला डाव्या हातात, पाठीमागं धरलेली. पहिल्या हालचालीनंतर उजव्या हातात. पुढं सर्व हालचाली उजव्या हातानं. डाव्या हातानं केल्यास गुण नाहीत.

सिद्रामप्पांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात तलवार धरून अगदी निवांत होता.

त्यांना कळायला फार वेळ लागला नाही. निवृत्तीनंतर हैदराबादच्या दहा दिवसांच्या शिबिरात ते ही तलवार उजव्याच हातानं शिकले होते. पण दहा दिवस ते दहा दिवस. त्यानंतरची चार वर्षं त्यांनी ती रोज समोरून शिकवली. समोरून शिकवायचं म्हणजे आपण आरशातल्यासारखं करायचं, आपला डावा म्हणजे त्यांचा उजवा. पीटीचे मास्तर म्हणून त्यांचा सगळा जन्म त्यातच गेला होता. पाचही शिष्य बरोबर शिकले होते. फक्त गुरू उलटे शिकून बसले होते.

“ही सवय शाळेतली,” ते हसत म्हणाले. लाज वाटली की ते गोष्ट सांगत. “पयले मी पोरांतूनच एकाला ओट्यावर उभं करायचो, बाकीच्यांनी त्याचं बघून कवायत करायची. एका पंधरा ऑगस्टला एका पोरीनं असा बट्ट्याबोळ केला म्हणता! समोर उभी राहिली अन् उलटं करायचं इसरली. अर्धी पोरं डावीकडं, अर्धी उजवीकडं. लाकडी डंबेल्स एकमेकांवर खाडखाड. पाहुणे हसून हसून बेजार. तेव्हापासून कानाला खडा लावला. कुणाला म्हणून ओट्यावर चढू दिलं न्हाई. अठ्ठावीस वर्षं मीच उभा राहिलो.”

सगळे हसले. ही गोष्ट त्यांनी आधीही दहा वेळा ऐकली होती, तरी हसले. पंचशीला पातं ओढणीनं पुसत होती. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती आणि तिची ड्यूटी आठला सुरू व्हायची.

“आता काय करता, सर?” तिनं विचारलं. “नाव मागं घेता?”

“मागं?” सिद्रामप्पा म्हणाले. “चोवीस दिवस हायत की.”

असं ते म्हणाले खरे.

नांदेडला जायचं हे त्यांनी सहज ठरवलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या छातीवर नंबराचे कागद लावले होते. त्यांच्या शर्टाच्या कॉलरमागं कायम चार सेफ्टी पिना अडकवलेल्या असत, कारण ऐन वेळी पोरांकडे पिन नसते. त्यांनी तयार केलेल्या पोरांची पदकं अर्ध्या तालुक्याच्या शोकेसमध्ये होती. स्वतःच्या छातीवर नंबर लागलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना तो पाहायचा होता. नंबर कितवा येतो याची त्यांना फिकीर नव्हती, पण नुसता कागद लावून मागं फिरायचं नव्हतं. बत्तीसच्या बत्तीस हालचाली करायच्या होत्या.

त्या दिवसापासून ते दुपारीही गच्चीवर सराव करू लागले. तलवार उजव्या हातात घ्यायची, डाव्या हाताची दोन बोटं ताठ आणि बाकीची मिटलेली, आणि सुरू. पाच-सहा हालचाली मनात म्हणत म्हणत निघायच्या. मग मन जरा सैल झालं, की पाय आपोआप डावीकडे वळायचा आणि तलवार डाव्या हातात जाऊन बसायची. कधी गेली तेही कळायचं नाही. चिडून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

त्यांची बायको सिंधुबाई वाळवणाच्या निमित्तानं वर येत आणि बघत बसत.

“पुन्हा डाव्या हातात गेली,” त्या म्हणत.

“दिसतंय मला.”

“जेवताना कसं चुकत न्हाई तुमचं?”

सिद्रामप्पांनी कपाटाचा आरसा गच्चीवर आणून भिंतीला टेकवून पाहिला. त्यात त्यांना गुडघ्यापर्यंतचे सिद्रामप्पा दिसत. शिबिराचा जुना व्हिडिओ लावून पाहिला, तर त्यातल्या गुरूंची पाठ होती आणि पाठीकडून शिकायची त्यांच्या शरीराला सवय उरली नव्हती. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी त्यांनी मैदानावर सगळ्यांसमोर करून दाखवायचं ठरवलं आणि आठव्या हालचालीला चुकले. पुन्हा केलं आणि सहाव्याला चुकले. तिसऱ्यांदा तलवार हातातून निसटून गवतात पडली. कुणी हसलं नाही, हे त्यांना जास्त लागलं.

“सर, तुम्हाला समोर माणूस पायजे,” पंचशीला म्हणाली. “आम्हाला जसे तुम्ही होते, तसा.”

“मी राहतो की,” म्हणत संगमेश पुढं झाला. त्यानं तलवार डाव्या हातात घेतली, उजव्या हाताची दोन बोटं ताठ केली आणि तिसऱ्या हालचालीला स्वतःभोवती असा गुंडाळला गेला की त्याचाच पाय त्याच्या पायात आला. “हे साधं काम न्हाई,” तो मागं सरकत म्हणाला.

पंचशीलानं त्याला बाजूला केलं. सिद्रामप्पांपासून चार पावलांवर ती त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. तिनं तलवार उजव्या हाताच्या मागं धरली. श्वास घेतला. दोन्ही हात वर आले, आणि तलवार उजव्या हातातून डाव्या हातात गेली.

मग ती थांबली नाही. पाकोळी पाणी शिवते तशी खालून वर जाणारी ती दहावी हालचाल, जिथवर सिद्रामप्पा या सहा दिवसांत उजव्या हातानं एकदाही पोचले नव्हते, ती तिनं डाव्या हातानं अशी केली की तलवारीचा लाल गोंडा मनगटाला एकदाही गुंडाळला गेला नाही. बत्तीसावी झाली. तलवार पुन्हा उजव्या हातामागं गेली. रांगेतला आदिनाथ जोशात टाळ्या वाजवायला गेला, पण सरांचं तोंड बघून थांबला. तो बँकेतून निवृत्त झाला होता आणि त्याला माणसाचं तोंड वाचता येत होतं.

सिद्रामप्पांना आनंद झाला आणि थोडा राग आला. शिष्य समोर आणि गुरू रांगेत, हे काही त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. ती सातवीत असताना त्यांच्या हाताखाली होती. त्यांनी तिला ‘सावधान’ शिकवलं होतं.

“करता का, सर?” ती म्हणाली. “मला पावणेआठला निघायचंय.”

त्यांनी तलवार डाव्या हातामागं धरली. “करतो,” ते म्हणाले.

पुढचे सतरा दिवस ती रोज अर्धा तास आधी यायची. मैदानावर दोघंच असत. सिद्रामप्पांनी विचार करायचा नाही, हातांकडे बघायचं नाही, फक्त तिच्याकडे बघायचं, असं ठरलं होतं. आणि खरंच, ती समोर असली की त्यांचा उजवा हात बिनबोभाट उजवा राहायचा. ती वळली की ते वळायचे. ती चांगली शिकवायची आणि अजिबात दयामाया दाखवायची नाही.

“नजर कुठंय, सर? खाली काय सापडून राहिलं?”

“खांदा सोडा. खांद्यानं तलवार उचलत न्हाई कुणी.”

“परत. बारावी परत.”

हे सगळे त्यांचेच शब्द होते. चार वर्षं त्यांनी तिला ऐकवलेले. ते ऐकताना त्यांचे कान गरम व्हायचे, पण ते बारावी परत करायचे. गुडघा दुखायला लागला, तर त्यावर पट्टा बांधून आले. एकदा तिची नाइट ड्यूटी होती, तर ते आठपर्यंत मैदानावर थांबले आणि ती तशीच, दवाखान्यातून थेट, पांढऱ्या कोटात आली. मग ती थोडं मागं सरकायला लागली. चारची सहा पावलं, सहाची दहा. शेवटच्या आठवड्यात ती फक्त सुरुवात करून द्यायची आणि मग हात खाली सोडून नुसती उभी राहायची. ती उभी असली तरी पुरायचं.

घरी सिद्रामप्पा सिंधुबाईंना सांगत, “पोरीनं माझ्यासाठी केवढा त्रास घेतला बघ. गुपचूप उलटी तलवार शिकली. कुठं करते कोण शिष्य असं?” हे सांगताना त्यांना स्वतःविषयी फार बरं वाटायचं.

निघण्याच्या आदल्या सकाळी, बाकीचे गेल्यावर, त्यांनी बत्तीसच्या बत्तीस हालचाली एकदाही न अडखळता केल्या. पंचशीला वीस पावलांवर हात सोडून उभी होती. झाल्यावर ते ओल्या गवतातच बसले. तीही थोड्या अंतरावर बसली आणि तिनं बाटलीतलं पाणी पुढं केलं.

“एक विचारतो,” ते म्हणाले. “हे उलटं कधी शिकली तू? रात्री जागून केलं असशील.”

“न्हाई हो, सर. जागायला येळ कुठंय मला.”

“मग?”

“सातवीत.”

सिद्रामप्पा हसले. “सातवीत कुठली तलवार?”

“तलवार न्हाई. उलटं करायचं.” ती तलवार म्यानात सरकवत होती. म्यानाचं तोंड घट्ट होतं, त्यामुळे तिला तिकडेच बघावं लागत होतं. “तुम्ही म्हणाले होते, ज्याला समोरून उलटी कवायत जमल तो पंधरा ऑगस्टला ओट्यावर उभा राहील. मी महिनाभर केली घरी. धम्मप्रियाला समोर उभं करायची, माझ्या बहिणीला. ती रांग, अन् मी ओट्यावर. तुम्ही तिघींची परीक्षा घेतली. माझं बरोबर आलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाले बी, पंचशीलाचं बरोबर हाय.”

सिद्रामप्पांनी बाटली खाली ठेवली.

“अन् मग सुकन्याला उभं केलं,” ती म्हणाली.

संस्थेच्या अध्यक्षांची सुकन्या. नवा फ्रॉक, दोन वेण्या, पांढरे मोजे. ओट्यावर उभी राहून तिनं जसं रांगेत करायची तसंच केलं, आणि खाली डंबेल्स एकमेकांवर आदळली.

“मी मधल्या रांगेत होते,” पंचशीला म्हणाली. “मला दिसून राहिलं होतं ती चुकणार हाय म्हणून. मी माझं बरोबर केलं तर शेजारणीला लागलं असतं. म्हणून मी बी चुकीचं केलं.”

मैदानाच्या पलीकडून दुधाची मोटरसायकल गेली. सिद्रामप्पांना बोलायचं होतं. मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, असं म्हणता आलं असतं. अध्यक्षांचा निरोप होता, असंही. पण तसं काही झालं नव्हतं. कुणी काही सांगितलंच नव्हतं. पाहुणे येणार, सगळं गाव बघणार, आणि बुद्धविहारामागच्या वस्तीतली मुलगी ओट्यावर आणि अध्यक्षांची मुलगी खाली रांगेत, हे कसं दिसेल, एवढा विचार त्यांनी स्वतःच केला होता. त्याला त्यांना अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा असा विचार करायला नको म्हणून ते स्वतः ओट्यावर चढले होते, ते अठ्ठावीस वर्षं उतरलेच नव्हते. त्यांना लाज वाटली. अशी की पंचशीलाकडे बघता येईना.

“तवापासून सवय लागली,” ती म्हणाली. “कुणी समोरून काही दाखवलं की मी दोन्ही बाजूनं शिकते. काय सांगता येत न्हाई, कधी बोलावतील.”

“तू चार वर्षांत बोलली न्हाईस,” ते म्हणाले.

“ती डंबेलची गोष्ट तुम्ही लई रंगवून सांगता, सर. लोकं हसतात. मधी काय बोलायचं?”

ती उठली आणि ओढणीला लागलेलं गवत झटकलं. सिद्रामप्पाही उठायला गेले, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. तिनं हात दिला. दवाखान्यात रोज दहा माणसांना देते तसा, काखेत धरून, एका झटक्यात.

“पंचशीला…”

“उद्या गुडघ्याला पट्टा इसरू नका,” ती म्हणाली. “अन् बारावीला अजून खांदा उचलता तुम्ही. पावणेआठ वाजले, मी चालले.”

संगमेशच्या गाडीत सगळे मिळून सहाजण होते. नायगाव मागं पडेपर्यंत संगमेश बोलत होता. दरवेळी सिद्रामप्पा कुठली ना कुठली गोष्ट सांगून गाडी हसवत. आज ते काचेतून बाहेर बघत होते. “सरांना टेन्शन आलंय,” आदिनाथ म्हणाला, आणि सगळ्यांना ते पटलं.

नांदेडच्या हॉलमध्ये गर्दी होती. दाराजवळच्या टेबलावर एक मुलगी अर्ज तपासून नंबर देत होती. तिनं सिद्रामप्पांचा अर्ज वर काढला.

“सिद्रामप्पा बिरादार, उदगीर. वय अडुसष्ट. प्रशिक्षकाच्या जागी तुम्ही ‘स्वतः’ लिहिलंय, आजोबा. चालतं तसं. समोरची खुर्ची रिकामी राहील फक्त.”

“पेन दे जरा,” सिद्रामप्पा म्हणाले.

त्यांनी एक शब्द खोडला आणि वर काहीतरी लिहिलं. नीट वाचता यावं म्हणून दोनदा गिरवलं. मुलीनं त्यांना सतरा नंबराचा कागद दिला आणि पिना संपल्या असं सांगितलं. सिद्रामप्पांनी कॉलरमागून चार पिना काढल्या.

पाठीमागच्या पायऱ्यांवर पंचशीला मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या घेऊन बसली होती. खाली एकामागून एक स्पर्धक येत होते. प्रत्येकाचा प्रशिक्षक पंचांच्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर, स्पर्धकाकडे तोंड करून बसायचा. हातवारे करायचे नाहीत, बोलायचं नाही, असा नियम होता.

“क्रमांक सतरा,” माइकवरून आवाज आला. “सिद्रामप्पा बिरादार, उदगीर. प्रशिक्षक, पंचशीला सूर्यवंशी.”

“ओ बाई,” संगमेश म्हणाला, “तुमचं नाव घेतलं.”

पंचशीला जागची हलली नाही. सिद्रामप्पा मधोमध जाऊन उभे राहिले. पाय जुळवलेले, तलवार डाव्या हातामागं. त्यांनी पंचांना नमस्कार केला आणि थांबले.

“सुरू करा, आजोबा,” मुख्य पंच म्हणाले.

“प्रशिक्षक आल्या न्हाईत अजून.”

“खुर्ची रिकामी राहिली तरी चालतं. सुरू करा.”

“मला चालत न्हाई.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. पंचांनी घड्याळाकडे बोट केलं. “वेळ सुरू झालाय. गुण जातील तुमचे.”

“जाऊ द्या,” सिद्रामप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जुना मैदानावरचा होता, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. “त्या आल्याशिवाय मी सुरू करत नसतो.”

सगळ्या हॉलनं वळून पायऱ्यांकडे पाहिलं. पंचशीलानं पिशव्या संगमेशच्या मांडीवर ठेवल्या. मग ती उतरली. घाईघाईनं नाही, एकेक पायरी करत, पंचांच्या टेबलाला वळसा घालून खुर्चीपाशी आली. बसली मात्र नाही. खुर्चीच्या शेजारी, सिद्रामप्पांकडे तोंड करून, सरळ उभी राहिली. ती हसली नाही. सिद्रामप्पाही हसले नाहीत.

दोघांमध्ये वीसएक पावलं होती. त्यांनी श्वास घेतला आणि दोन्ही हात वर आणले. पंचशीलाचे हात नियमाप्रमाणे खालीच होते. फक्त तिच्या डाव्या हाताची मूठ हळूच मिटली.

ती त्यांना दिसली, आणि त्यांनी तलवार उजव्या हातात घेतली.